दर जूनला परत येणारी बुरशी: भाड्याच्या घरात पाणी कुठून येतं आणि दुरुस्ती कुणी करायची

तक्रार साधारण अशी असते. नोव्हेंबरात घर घेतलं तेव्हा भिंती कोऱ्या होत्या, रंगाचा वासही गेला नव्हता. मेपर्यंत काही त्रास नाही. जून संपता संपता बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कपाटामागे, राखाडी ठिपके आले. जुलैत ते काळे झाले, रंगाचे पोपडे सुटले, कपड्यांना कुबट वास लागला. मालकांना फोन केला तर उत्तर आलं, "तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे घरात वाळवता, म्हणून होतं ते. आधीच्या लोकांची कधी तक्रार नव्हती." ऑक्टोबरच्या उन्हानं भिंत सुकली. अकरा महिन्यांचा करार संपला, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले, रंगारी आला आणि नोव्हेंबरात दुसरं कुटुंब राहायला आलं. भिंत पुन्हा कोरी.

चौदा वर्षं मी ठाण्यात आणि पुण्यात भाड्यानं राहिलो आहे, आणि आईचा डोंबिवलीचा फ्लॅट आम्ही भाड्यानं देतो. त्यामुळे हा फोन मी दोन्ही बाजूंनी केला-घेतला आहे. आमच्या भाडेकरूला "खिडक्या उघड्या ठेवा" असं मीही सांगितलं होतं, आणि ते चुकीचं निघालं. त्याबद्दल पुढे लिहितो. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली: बुरशी कुणामुळे आली यावर वाद सुरू केला की तो संपत नाही. पाणी कुठून आलं ते शोधलं की दुरुस्ती कुणाची, हे बहुतेक वेळा त्यातूनच ठरतं.

पुसण्याआधी

ठिपके दिसले की पहिला हात फडक्याकडे जातो. थांबा. आधी फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे भिंत कुठली ते कळेल. मग ओलीच्या कडेनं पेन्सिलीची बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर रविवारी नवी रेघ, नवी तारीख. त्या आठवड्यात पाऊस किती झाला, उघडीप होती का, हे वहीत एका ओळीत लिहून ठेवा.

या रेघांनी मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या प्लंबरनं सांगितलं नाही. ठाण्याच्या घरात डाग फक्त जोराच्या पावसात पसरायचा आणि चार दिवस उघडीप मिळाली की जागच्या जागी राहायचा. म्हणजे पाणी बाहेरच्या भिंतीतून येत होतं. पुण्याच्या घरात छताचा डाग भर एप्रिलात वाढला. तिथे पावसाचा संबंधच नव्हता, वर बाथरूम होतं.

दुसरी चाचणी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची. भिंतीचा तेवढा भाग कोरड्या कापडानं टिपून घ्या, फूटभर लांब-रुंद फॉइल लावा, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर खोलीतली हवा दमट आहे आणि ती थंड भिंतीवर ओल सोडते आहे. फॉइल सोडवल्यावर आतली, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीच्या पोटात आहे. दोन्हीकडे ओल असेल तर दोन्ही कारणं आहेत. मुंबई-ठाण्यात जुलैत हवेतली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे असं बऱ्याचदा दिसतं. काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत ठेवला तर अंदाजाऐवजी आकडा हातात येतो.

पाण्याचे रस्ते

बाहेरची भिंत हे सर्वांत जास्त आढळणारं कारण. कोकणपट्टीत पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून असतो, म्हणून त्या दिशेची भिंत आधी ओली होते. काँक्रीटचा बीम आणि विटांचं बांधकाम जिथे मिळतं त्या रेषेत भेग पडते, कारण दोन्हींचं तापणं-आकसणं सारखं नसतं. खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन वाळून सुटतं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती धुळीनं बुजली की साठलेलं पाणी आत उतरतं. हे शेवटचं मात्र राहणाऱ्यानंच बघायचं. जुन्या टूथब्रशनं पाच मिनिटांत साफ होतं.

वरच्या मजल्याचं बाथरूम हे दुसरं. डाग छतावर किंवा छताला लागून असतो, बारा महिने असतो, सकाळच्या आंघोळींनंतर दुपारी गडद होतो. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट झिजलेलं असतं किंवा नानी ट्रॅपच्या (फरशीतल्या, पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतीचा सांधा सुटलेला असतो. वरचे शेजारी सहकार्य करत असतील तर नानी ट्रॅप कपड्याच्या बोळ्यानं बंद करून बाथरूममध्ये इंचभर रंगीत पाणी २४ तास साठवून ठेवा. खाली रंग उतरला तर प्रश्न मिटला. उतरला नाही तर वरच्या घराचा पाण्याचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून थेंब थांबतात का पाहा. थांबले तर भिंतीतली पाइप गळते आहे.

तळमजल्यावर ओल जमिनीतून चढते. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, त्यावर पांढरा लोणा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. तळमजल्याच्या भाडेकरूनं मात्र हे समजून घ्यावं की जोत्यातला ओलरोधक थर निकामी झाला असेल तर खिडक्या उघडून काही होणार नाही.

आणि खोलीतली हवा. वॉशिंग मशीनमधून काढलेले कपडे बंद खोलीत वाळतात तेव्हा त्यातलं सगळं पाणी हवेत जातं. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट, एसीची बंद खोली, एक्झॉस्ट फॅन नसलेलं बाथरूम, झाकण न ठेवता उकळणारी भांडी, सगळं मिळून आर्द्रता वाढते. अशी बुरशी कोपऱ्यांत, कपाटामागे, चपला-बॅगांवर, चामड्यावर पातळ पांढऱ्या बुऱ्यासारखी येते; पोपडे सुटत नाहीत, पुसली की भिंत खाली कोरडी असते. ही जबाबदारी बरीचशी राहणाऱ्याची आहे, आणि ते मान्य करायला हवं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आंघोळीनंतर अर्धा तास पंखा चालू ठेवा, कपडे गॅलरीत किंवा पंख्याखाली खिडकी उघडून वाळवा. एसीच्या मागच्या भिंतीवर ओल असेल तर आधी एसीचा ड्रेन पाइप तुंबला आहे का पाहा. पण बाथरूमला खिडकीच नसेल आणि एक्झॉस्ट बसवायला मालक तयार नसतील, तर "हवा खेळती ठेवा" हे सांगणं पुरेसं नाही.

खिडकीच्या या उत्तराची मला काळजी का वाटते ते सांगतो. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ गेलं. घरातल्या बुरशीची तक्रार वडिलांनी वर्षानुवर्षं केली होती आणि त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच कारण, असा निष्कर्ष दिला. त्याच्या नावाचा नियम तिथल्या सामाजिक भाडेघरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई, ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर कामकाजाच्या दहा दिवसांत तपासणी. आपल्याकडे असा नियम नाही. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी, तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना त्या खोलीत झोपवू नका, दुरुस्तीचं काहीही होवो. ओल आणि बुरशी असलेल्या घरात श्वसनाचे विकार आणि दमा जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे.

मग पैसे कुणाचे

इथे एक फरक बहुतेकांना माहीत नसतो, आणि त्यामुळे चुका होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरी वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो, एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हिशेब आणि पावत्या जपून ठेवायच्या. मुंबईच्या पागडीच्या घरांत राहणारे या अर्थानं भाडेकरू आहेत. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींसाठी तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळही आहे.

पण आपल्यातले बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीवर, राहतात, आणि कायद्याच्या भाषेत लायसन्सवर राहणारा हा भाडेकरू नसतो. कलम १४ चा आधार घेऊन परस्पर भाडं कापायला जाऊ नका. भाडं थकलं असं दाखवून करार रद्द करायला मालकांना ते आयतं कारण मिळतं. लायसन्सचा पाया भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ मध्ये आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे जागेतला असा दोष, जो राहणाऱ्याला किंवा त्याच्या सामानाला धोका करू शकतो, मालकाला माहीत आहे आणि राहणाऱ्याला नाही, तो मालकानं आधी सांगायला हवा. बुरशी या व्याख्येत बसते का यावर वकील वाद घालतील. पण दर पावसाळ्यात गळून गादी आणि कपाट कुजवणारी भिंत माहीत असताना तिच्यावर रंग मारून घर देणं या कलमाच्या विरोधात जातं, असं माझं मत आहे.

बाकी सगळं करारावर अवलंबून असतं. ऑनलाइन नोंदणीच्या करारात साधारण असा मजकूर असतो की जागा आहे त्या स्थितीत ठेवायची आणि राहणाऱ्यानं केलेलं नुकसान त्यानंच भरून द्यायचं, नेहमीची झीज सोडून. बाहेरून झिरपलेलं पाणी हे राहणाऱ्यानं केलेलं नुकसान होत नाही. मात्र "आहे ती स्थिती" काय होती याचा पुरावा तुमच्याकडे हवा. किल्ली घेतल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, छताच्या कोपऱ्यांचा, सिंकखालच्या कपाटाचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवून द्या.

केंद्रानं जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात दुरुस्तीची वाटणी परिशिष्टात दिली आहे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, मोरी-गटार साफ ठेवणं, बेसिन-गिझरची दुरुस्ती, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तरीही करार लिहिताना ही यादी समोर ठेवायला कुणाची हरकत नसते, आणि वाद कमी होतात.

तिसरा पक्ष म्हणजे सोसायटी, आणि खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइपलाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीनं तिच्या खर्चानं दुरुस्त करायची कामं आहेत. गच्चीतून गळून शेवटच्या मजल्याच्या छताचं प्लॅस्टर खराब झालं तर तेही. म्हणजे अनेकदा मालक आणि भाडेकरू ज्या पैशांवरून भांडतात ते दोघांनीही द्यायचे नसतात. पण सोसायटीला पत्र सभासदानं द्यावं लागतं, आणि सभासद मालक आहेत. कमिटी ऐकत नसेल तर उपनिबंधक कार्यालय आहे, मग सहकार न्यायालय. वरच्या फ्लॅटची गळती असेल आणि ते दाद देत नसतील तर मुंबईत वॉर्ड ऑफिसातही तक्रार करता येते.

मालकांना लिहायचं ते असं

फोनवर बोला, पण त्यानंतर लिहूनही पाठवा. मी वापरलेला मजकूर:

"काका, नमस्कार. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून साधारण ४ फुटांवर २२ जूनपासून ओल आहे. २२ जून, २९ जून आणि ६ जुलैचे फोटो सोबत आहेत. पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा दिसतील. मोठा पाऊस झाला त्या आठवड्यात डाग ९ इंच वाढला, उघडीप होती तेव्हा वाढला नाही. फॉइल लावून पाहिलं, भिंतीकडची बाजू ओली होती. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर भेग गेलेली दिसते. सोसायटीला द्यायच्या पत्राचा मसुदा जोडला आहे, तुम्ही सही करून द्याल का? कपाट भिंतीपासून हलवलं आहे आणि जागा पुसून कोरडी ठेवतो आहे. १५ दिवसांत कुणी बघून जाईल असं करावं ही विनंती. मी संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी घरी असतो."

यात आरोप नाही, मालकांना करायचं काम तयार करून दिलं आहे, आणि आपण आपल्या बाजूनं काय केलं तेही नोंदलं गेलं आहे. उत्तर आलं नाही तर हाच मजकूर ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲपचे मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलताना सांभाळून ठेवा.

पावसाळ्यात काय होतं, काय होत नाही

भर पावसात बाहेरच्या भिंतीचं पक्कं काम होत नाही, हे मालकांचं म्हणणं खरं असतं. ओल्या भेगेत भरलेलं टिकत नाही. पण "पावसाळ्यानंतर बघू" यावर थांबू नका. खिडकीभोवतीचं सिलिकॉन उघडीप मिळाल्यावर बसवता येतं, गच्चीवर ताडपत्री टाकता येते, डक्टमधल्या पाइपचा सांधा बदलता येतो, आणि ऑक्टोबरमधल्या कामाची तारीख आजच लिहून घेता येते.

बुरशी काढताना कोरड्या ब्रशनं घासू नका, बीज सगळ्या खोलीत उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा, कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसा, मग पंखा लावून वाळवा. ब्लीच वापरायचं असेल तर पातळ करून, आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड त्याच्या जवळपासही आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा जास्त भाग काळा झाला असेल, किंवा पीओपीचं छत आतून भिजलं असेल, तर हे काम घरच्यांनी करू नये. गादी, उशा, प्लायवूडचं कपाट आतून बुरसटलं की ते वाचत नाही. फोटो काढून टाकून द्या.

ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं हा सर्वांत प्रचलित उपाय आणि पैशांचा अपव्यय आहे. पाणी मागून येतच राहतं, रंगाला फुगे येतात किंवा दोन फूट बाजूला नवा डाग उठतो. काम बाहेरून व्हायला हवं: भेग खोदून रुंद करायची, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायची, चौकटीभोवती नवं सीलंट, मग बाहेरचा लवचिक रंग. बाथरूमसाठी आधी टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून पाहा. तोडफोड त्यानं भागलं नाही तर. आतला रंग सर्वांत शेवटी. प्लॅस्टर पूर्ण सुकायला कित्येक आठवडे लागतात, आणि दिवाळीच्या घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. फॉइलची चाचणी पुन्हा करा. भिंतीकडची बाजू कोरडी निघाली की मगच पुट्टी.

आईच्या फ्लॅटचं असं झालं. भाडेकरू वहिनींनी दोन पावसाळे तक्रार केली आणि मी दोन्ही वेळा खिडक्यांबद्दल बोललो. तिसऱ्या वर्षी नवीन राहायला आलेल्यांनी त्याच जागेचा फोटो पाठवला, तेव्हा जाऊन पाहिलं. बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये सामाईक डाउनटेक (वरून खाली येणाऱ्या) पाइपचा सांधा सुटलेला होता. वरच्या तीन मजल्यांचं पाणी आमच्या भिंतीवर पडत होतं. आम्ही पत्र दिल्यावर सोसायटीनं पाइप बदलला. वहिनींच्या डिपॉझिटमधून रंगासाठी कापलेले पैसे आम्ही त्यांना फोन करून परत पाठवले, आणि माफी मागितली.

आता आमच्या प्रत्येक कराराला एक पान जोडलेलं असतं. त्यावर ओलीच्या जुन्या जागा, दुरुस्तीची तारीख, कॉन्ट्रॅक्टरच्या वॉरंटीची प्रत आणि एक वाक्य: भिंत, छत किंवा सामाईक पाइपमधून आलेली ओल लेखी कळवल्यापासून सात दिवसांत मालकांनी बघायची, आणि त्या ओलीमुळे खराब झालेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. पानाच्या खाली दोघांच्या सह्या.